एकाच घरात, एकाच आठवड्यात सगळ्यांना कोविड, मग धाकटा भाऊच व्हेंटिलेटरवर का गेला? जीन्सचा काही संबंध असतो का?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. हा प्रश्न गेली काही वर्षं डोक्यात घोळतोय, आज शेवटी लिहायला बसले. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात एकाच आठवड्यात सगळ्यांना कोविड झाला. आई ६७ ची, डायबेटिस आहे, बीपीची गोळी चालू. मी तेव्हा ३८, वहिनी ३२, आणि धाकटा भाऊ ३४ चा, रोज पळायला जाणारा, सिगारेट नाही, शुगर नाही, वजन आटोक्यात. सगळ्यांचं लक्ष अर्थातच आईकडे, तिच्या उशाशी ऑक्सिमीटर ठेवलेला, दर चार तासांनी बघायचं आणि वहीत आकडा लिहायचा. आईला दोन दिवस ताप आला, उतरला, संपलं. सातव्या दिवशी भाऊ पलंगावर बसून फोनवर ऑफिसचं काहीतरी बोलत होता, वाक्याच्या मध्येच जरा थांबत होता एवढंच, मी सहज म्हणून ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावला तर ८२. आई म्हणाली सेल गेला असेल. म्हणून तिच्या बोटाला लावून बघितला तर ९७. परत त्याला लावला, ८१. आणि हा म्हणतोय मला काही होत नाहीये ताई, तू उगाच घाबरतेस. त्याच रात्री ॲडमिट केला, तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर, अकरा दिवस. वाचला. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा.

पण तेव्हापासून जो भेटतो तो त्याला ऐकवतो. तुझी इम्युनिटीच कमी, एवढं पळून काय उपयोग झाला, अंगावर काढलंस म्हणून झालं. सुरुवातीला तो चिडायचा, आता त्यालाही तेच खरं वाटायला लागलंय. साधी सर्दी झाली तरी मुलापासून लांब दुसऱ्या खोलीत झोपतो, आणि मधे एकदा मला म्हणाला की माझ्यातलं हे जे काही आहे ते त्याच्यात पण असेल ना. त्याचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे.

तर मला विचारायचंय की व्हायरस एकच असताना एखाद्यालाच एवढा जबरदस्त त्रास होणं यात जीन्सचा खरंच हात असतो का, की हे सगळं नशिबावर आहे? आणि असेल तर मुलांची टेस्ट करून घ्यावी का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा, व्हॉट्सॲपवरचं फॉरवर्ड नको प्लीज.

लॅबवाली

निशिगंधाताई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लगेच लिहितेय. मी व्हायरस आणि इंटरफेरॉन (पेशी व्हायरस आल्यावर सोडतात तो धोक्याचा निरोप) यावरच काम करते, डॉक्टर नाही, तेव्हा उपचाराचं डॉक्टर मंडळी सांगतील, मी फक्त आत काय चालतं ते सांगते.

हो, जीन्सचा हात असतो, आणि हे कोविडच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा एक अभ्यास झाला होता, १९८८ साली प्रसिद्ध झाला. लहानपणीच दुसऱ्या घरात गेलेली मुलं, म्हणजे जीन्स एका घरचे आणि वाढले दुसऱ्या घरात. त्यात दिसलं की ज्यांचे जन्मदाते आई किंवा वडील पन्नाशीच्या आत एखाद्या संसर्गाने गेले, त्या मुलांनाही तसाच मृत्यू येण्याचा धोका पाचपटीहून जास्त होता. आणि ज्यांनी वाढवलं त्या आईवडिलांच्या बाबतीत असं झालं असेल तर मुलांचा धोका फारसा वाढला नव्हता. एकाच घरात राहून, एकच हवा घेऊन जे आलं नाही ते रक्तातून आलं होतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला स्वतःलाच खूप वेळ पटलं नव्हतं.

आता आत काय होतं ते. व्हायरस पेशीत शिरला की पेशीला आधी कळायला लागतं की कुणीतरी आलंय. त्यासाठी पेशीत सेन्सर असतात, त्यातले काही टीएलआर नावाचे. सेन्सरने ओळखलं की इंटरफेरॉन सुटतं आणि ते शेजारच्या पेशींना सांगतं की दारं लावून घ्या. हे पहिल्या काही तासांत, पहिल्या एक दोन दिवसांत व्हायला हवं. अँटीबॉडी वगैरे नंतरची गोष्ट, त्याला आठवडा लागतो. आता ज्याच्यात हा पहिला निरोपच जात नाही किंवा उशिरा जातो त्याच्यात व्हायरस दोन चार दिवस बिनबोभाट वाढत राहतो, माणसाला वाटतं आपण ठीक आहोत, आणि मग जेव्हा बाकीची यंत्रणा जागी होते तेव्हा समोर व्हायरसचा एवढा डोंगर असतो की ती सगळी ताकद एकदम लावते आणि त्यात फुप्फुसच सुजतं. म्हणजे आधी फार कमी आणि नंतर फार जास्त. सातव्या दिवशी ऑक्सिजन पडला असं तुम्ही लिहिलंय ना, ते या क्रमात बसतं.

आणि म्हणूनच मला "इम्युनिटी कमी" हा शब्दच पटत नाही. इम्युनिटी म्हणजे टाकीतलं पाणी नाही की कुणाची भरलेली आणि कुणाची अर्धी. ती शेकडो वेगवेगळ्या कुलपांसारखी आहे, एखादं कुलूप जन्मापासून बिघडलेलं असू शकतं आणि नेमक्या त्याच दाराने येणारा चोर आयुष्यात एकदाच येतो, तोपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तुमच्या भावाच्या वयाच्या मुलांचंच आहे. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये भावांच्या दोन जोड्या सापडल्या, दोन वेगळ्या घरांतल्या, २१ ते ३२ वयाचे चौघं तरुण, आधीचा कुठलाही मोठा आजार नाही, चौघंही व्हेंटिलेटरवर गेले, त्यातला एक वाचला नाही. त्यांचे जीन्स वाचले तेव्हा चौघांतही टीएलआर७ नावाच्या सेन्सरचा जीन बिघडलेला निघाला. हा सेन्सर व्हायरसचा आरएनए ओळखतो. नंतर मोठ्या अभ्यासात दिसलं की जिवावर बेतलेला कोविड झालेल्या साठीच्या आतल्या पुरुषांपैकी साधारण १ टक्का लोकांत हाच दोष होता. हे चौघंही पळत असते, योगासनं करत असते, तरी फरक पडला नसता हो. भावाला हे नक्की सांगा.

मोकळा_प्रश्न

लॅबवालींनी छान लिहिलंय, पण मला जरा वेगळं मांडायचंय, कुणी राग मानू नका. प्रत्येक गोष्ट जीन्सवर ढकलायची सवय लागली की आपण बाकीचं बघायचंच सोडून देतो. साधी गोष्ट, कुणाच्या अंगात किती व्हायरस गेला? बंद खोलीत पेशंटजवळ तासन् तास बसलेला आणि लांबून जेवणाचं ताट ठेवून गेलेला यात फरक नाही का? वय हा तर सगळ्यात मोठा फॅक्टर, ८० वर्षांच्या माणसाचा धोका ३० वाल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त, कुठल्याही कॉमन जीनचा परिणाम त्याच्या जवळपास पण जात नाही. शिवाय एप्रिल २०२१ म्हणजे ४५ च्या वरच्यांची लस चालू झाली होती. ताई, आईंनी लस घेतली होती का? घेतली असेल तर आई सुटल्या आणि भाऊ अडकला याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आणि अजून एक, पाच जणांचं कुटुंब हा काही डेटा नाही. लाखो घरांत हे झालं, त्यातल्या काही घरांत तरुण माणूस जास्त आजारी पडणारच, नुसत्या योगायोगाने पण. मला सहानुभूती आहे पण कारण शोधताना घाई नको एवढंच.

निशिगंधा

@मोकळा_प्रश्न राग कशाला, तुम्ही विचारलंत ते बरोबरच आहे. हो, आईने पहिला डोस घेतला होता, साधारण तीन आठवडे आधी. हे मी लिहायला हवं होतं, राहिलं. पण वहिनीने घेतला नव्हता, मी पण नाही, आम्हाला दोघींना नुसती अंगदुखी आणि वास गेला. आणि वहिनी तर त्याच खोलीत होती पहिले पाच दिवस, त्याची शुश्रूषा तीच करत होती. तिच्या अंगात कमी व्हायरस गेला असेल असं वाटत नाही.

वॉर्ड_डॉक्टर

मी त्या वर्षी कोविड वॉर्डमध्येच होतो, तुमच्या भावासारखे बरेच बघितले. बोलत असायचे, फोनवर मेसेज करत असायचे आणि आकडा ७८. त्यामुळे "अंगावर काढलं" हा आरोप आधी मनातून काढून टाका. कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहिला की दम लागल्यासारखं वाटतच नाही, ऑक्सिजन मात्र खाली आलेला असतो. त्याला कळणं शक्यच नव्हतं. तुम्ही बोटाला यंत्र लावलंत म्हणून तो आज आहे, हे मी अगदी जबाबदारीने लिहितोय.

आता मुद्द्याचं. मोकळा_प्रश्न यांचं वय आणि लस याबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. जीन्सच्या बाबतीत दोन अगदी वेगळ्या गोष्टींची लोक गल्लत करतात, ती आधी सोडवू या. एक म्हणजे फार लोकांत असलेले छोटे बदल, ज्यांचा परिणाम थोडाथोडा. दुसरे फार कमी लोकांत असलेले मोठे दोष, ज्यांचा परिणाम जबरदस्त.

पहिल्या प्रकारातला सगळ्यात गाजलेला म्हणजे तिसऱ्या क्रोमोझोमवरचा (क्रोमोझोम म्हणजे जीन्स ज्यावर असतात तो डीएनएचा धागा) तुकडा. हा आपल्याकडे निअँडरथल माणसांकडून (आता नामशेष झालेले आपले जवळचे नातलग) आलाय, २०२० मध्ये झेबर्ग आणि स्वांते पेबो या संशोधकांनी दाखवलं, हे पेबो म्हणजे २०२२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेले. दक्षिण आशियातल्या साधारण निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक कॉपी असते, युरोपात साधारण १६ टक्क्यांकडे. एका कॉपीने गंभीर आजाराची शक्यता साधारण १.६ पट. आता बघा, निम्म्या लोकांकडे आहे आणि निम्मे लोक काही व्हेंटिलेटरवर गेले नाहीत. त्यामुळे घरी किट मागवून थुंकी पाठवून "तुम्हाला हाय रिस्क" असा रिपोर्ट मिळतो ना, त्याला एका माणसाच्या बाबतीत फारसा अर्थ नसतो. भीती मात्र पूर्ण मिळते.

दुसरा प्रकार लॅबवालींनी सांगितलेला टीएलआर७ सारखा. आणि त्याच्या शेजारी एक तिसरी गोष्ट आहे जी मला वाटतं तुमच्या भावाच्या बाबतीत आधी तपासावी. काही लोकांच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असतात. निरोप जातो पण वाटेतच कुणीतरी पत्र फाडतं. २०२० मध्ये पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या कासानोव्हा यांच्या गटाने जिवावर बेतलेल्या न्यूमोनियाचे ९८७ पेशंट तपासले, त्यात १०१ जणांत अशा अँटीबॉडी निघाल्या आणि त्यातले ९५ पुरुष होते. या सत्तरीनंतर वाढतात, तरुणात कमी असतात पण असतात. आणि हे बहुतेक वेळा आईवडिलांकडून सरळ आलेलं नसतं.

टेस्ट कुणाची करायची? मुलांची नाही, आधी भावाचीच. जो आजारी पडला त्याच्यात काय सापडतं ते बघायचं. त्याच्यात काहीच सापडलं नाही तर निरोगी मुलांचं रक्त काढून शोधायचं तरी काय? इम्युनॉलॉजीचे डॉक्टर किंवा जेनेटिक काउन्सेलर गाठा, ते ठरवतील की एक्झोम सिक्वेन्सिंग (म्हणजे जीन्समधले प्रथिनं बनवणारे भाग वाचायची टेस्ट) करायचं की आधी अँटीबॉडी. आणि हे आधीच सांगतो की बऱ्याच जणांत काहीच सापडत नाही. याचा अर्थ त्याने काही चूक केली असा होत नाही.

तुमच्या आईच्या माहेरी कुणी पुरुष, म्हणजे तुमचे मामा आणि मावशांचे मुलगे (मामेभाऊ नाही), कुणी तरुणपणी तापाने किंवा न्यूमोनियाने खूप आजारी पडलं होतं का? टीएलआर७ हा एक्स क्रोमोझोमवर असतो आणि पुरुषाला एक्स आईकडूनच येतो, म्हणून विचारतोय.

आई_दोघांची

मी इथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

माझी धाकटी दोन वर्षांची असताना तिला ताप आला, दुसऱ्या दिवशी ती एका बाजूलाच बघत राहिली, हाक मारली तरी मान वळवेना, मग झटके. मेंदूज्वर निघाला, आणि कारण काय तर हर्पीस सिम्प्लेक्स. तोच व्हायरस ज्याने ओठावर ताप उठतो, जो जगात निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात असतो आणि काही करत नाही. असायक्लोव्हिर हे हर्पीसवरचं औषध लगेच सुरू झालं म्हणून वाचली, उजव्या हातात थोडा कमजोरपणा राहिलाय. मला तेव्हा घरातल्या मोठ्यांनी विचारलं होतं की तू तिची नीट काळजी घेत नव्हतीस का. तो प्रश्न मी कित्येक वर्षं स्वतःला विचारत होते.

नंतर एका डॉक्टरांच्या आग्रहाने जीन टेस्ट झाली आणि टीएलआर३ मध्ये दोष निघाला. मला वाटलं झालं, म्हणजे आता हिला प्रत्येक आजार असाच होणार. तर डॉक्टर म्हणाले नाही, या मुलांना बाकी सर्दी, ताप, कांजिण्या सगळं इतर मुलांसारखंच होतं. कारण बाकी शरीरात हर्पीस ओळखायला दुसरे मार्ग आहेत, मेंदूच्या पेशींना मात्र या व्हायरसपासून वाचायला टीएलआर३ चाच आधार असतो. म्हणजे दोष सगळ्या शरीरात आणि फटका एकाच जागी, एकाच व्हायरसचा. आणि खरंच तसं झालं, शाळेत तिच्या वर्गात साथ येते तेव्हा कधीकधी मोठीच आजारी पडते आणि ही मजेत.

अजून एक सांगते. तोच दोष तिच्या बाबांमध्ये पण सापडला. त्यांना आयुष्यात कधी काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले असं होतं, दोष असलेल्या सगळ्यांनाच आजार होतो असं नाही. हे ऐकून आधी डोकं फिरलं की मग या टेस्टचा उपयोग काय, पण उपयोग झाला, आता तिला ताप आणि जरा जरी वागण्यात फरक दिसला तरी आम्ही फाइल घेऊन थेट जातो आणि कुणाला समजावत बसावं लागत नाही.

निशिगंधाताई, भावाला म्हणावं स्वतःला दोष देऊ नकोस. माझी यात खूप वर्षं गेली.

लॅबवाली

@आई_दोघांची तुम्ही लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. टीएलआर३ चा हा शोध २००७ चा, आणि आमच्या क्षेत्रात त्याने खूप काही बदललं, कारण तोपर्यंत बऱ्याच जणांना वाटायचं की जन्मजात दोष म्हणजे मूल सगळ्याच जंतूंना बळी पडणार. एका व्हायरसपुरता दोष असू शकतो हे तुमच्या मुलीसारख्या मुलांमुळे आणखी स्पष्ट झालं.

आणि यातच अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, की चांगला जीन आणि वाईट जीन असं काही ठरलेलं नसतं, समोर कोण आहे त्यावर असतं. सीसीआर५ घ्या. हे पेशीवरचं एक हँडल समजा, एचआयव्ही बहुतेक वेळा तेच धरून आत शिरतो. काही लोकांत या जीनमधली डीएनएची ३२ अक्षरं गळालेली असतात आणि हँडल बाहेर येतच नाही. दोन्ही कॉपी अशा असतील तर त्या माणसाला एचआयव्ही सहसा होत नाही, हे १९९६ मध्ये कळलं. उत्तर युरोपीय वंशाच्या साधारण १ टक्का लोकांत हे असतं. टिमोथी रे ब्राऊन यांना ल्युकेमियासाठी अशाच दात्याच्या मूळ पेशी दिल्या आणि त्यांच्या अंगातला एचआयव्ही गेला, ते जगातले पहिले बरे झालेले. आता कुणालाही वाटेल की मग हा तर वरदानच. पण डासांमुळे पसरणारा वेस्ट नाइल व्हायरस आला की हेच लोक जास्त आजारी पडतात, कारण तिथे मेंदूपर्यंत संरक्षक पेशी पोचवायला तेच हँडल लागतं. २०१८ मध्ये चीनमध्ये "हे च्यानक्वे" (He Jiankui) नावाच्या शास्त्रज्ञाने बाळांच्या भ्रूणात हाच जीन बदलला तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ एवढे संतापले त्यात हेही एक कारण होतं, एका दारापासून वाचवताना दुसरं उघडून ठेवलं. च्यानक्वेंना पुढे तुरुंगवासही झाला.

आणि वॉर्ड_डॉक्टरांनी सांगितलेला तो निअँडरथल तुकडा, कोविडमध्ये वाईट, पण झेबर्ग यांनीच २०२२ मध्ये दाखवलं की तो असणाऱ्यांना एचआयव्ही होण्याचा धोका साधारण २७ टक्क्यांनी कमी. निअँडरथलांकडूनच बाराव्या क्रोमोझोमवर आलेला दुसरा एक तुकडा तर कोविडपासून थोडं वाचवतो, साधारण २२ टक्के. उलट्यांचा तो नोरोव्हायरस माहीत असेल, अख्खं हॉस्टेल आडवं होतं आणि चार पाच जण खडखडीत फिरत असतात, त्यातल्या बऱ्याच जणांत एफयूटी२ नावाचा जीन बंद असतो, त्यामुळे आतड्याच्या पेशींवर ती साखरच नसते जी धरून हा व्हायरस बसतो. युरोपात पाचात एक माणूस असा. ते काही इम्युनिटी वाढवायचा काढा पिऊन आलेले नसतात, आणि नोरोच्या सगळ्याच प्रकारांपासून सुटतात असंही नाही.

हेपटायटिस सी चं पण तसंच, काही लोकांच्या अंगातून तो आपोआप जातो आणि काहींच्यात वर्षानुवर्षं राहून लिव्हर खराब करतो, २००९ मध्ये कळलं की यात मोठा वाटा इंटरफेरॉनच्याच एका जीनशेजारच्या एका अक्षराचा आहे. एक अक्षर! मी अजून लिहीत बसेन, थांबते.

मोकळा_प्रश्न

@निशिगंधा वहिनी त्याच खोलीत होत्या हे वाचून किती व्हायरस गेला हे माझं म्हणणं बरंच सैल पडलं, कबूल करतो. आणि आई_दोघांची यांचं वाचल्यावर कळलं की कारण शोधणं म्हणजे नुसती उत्सुकता नसते. माझा मुद्दा एवढाच उरतो की काही सापडलं नाही तरी ते मान्य करायची तयारी ठेवा.

एक शंका, डॉक्टरसाहेब. हे सगळं कळून पेशंटला फायदा काय? जीन तर बदलता येत नाही.

वॉर्ड_डॉक्टर

फायदा झालाय, आणि तो सगळ्या पेशंट्सना झालाय, फक्त दोष असणाऱ्यांना नाही. ब्रिटनमध्ये आयसीयूमधल्या कोविड पेशंट्सचे जीन्स तपासले तेव्हा धोक्याशी जोडलेला एक जीन इंटरफेरॉनच्या बाजूचा निघाला आणि दुसरा टीवायके२ नावाचा, जो सूज वाढवणाऱ्या साखळीत असतो, म्हणजे लॅबवाली म्हणाल्या तसं आधी कमी आणि नंतर जास्त. त्याच साखळीला अडवणारं एक औषध आधीच संधिवातासाठी होतं, बॅरिसिटिनिब. पुढे रिकव्हरी नावाच्या ब्रिटनमधल्या मोठ्या औषध-चाचणीत ॲडमिट पेशंट्समध्ये त्याने मृत्यू साधारण १३ टक्क्यांनी कमी झाले, आणि हे बहुतेकांना डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड चालू असताना त्याच्या वर. तेव्हा जीन बदलता येत नसला तरी जीनने कुठे बोट दाखवलं ते बघून औषध निवडता येतं.

आणि ज्याच्यात दोष सापडतो त्याच्यासाठी तर सरळ फायदा आहे. इंटरफेरॉनच्या मार्गात मोठा दोष किंवा त्या अँटीबॉडी निघाल्या तर पिवळ्या तापाची लस देऊ नये, ती जिवंत व्हायरसची असते आणि अशा काही जणांना तिचाच गंभीर आजार झालाय. उलट कोविडची, फ्लूची जी लस जिवंत व्हायरसची नाही ती आवर्जून घ्यायची, कारण लसीने तयार झालेल्या अँटीबॉडी आधीच हजर असतात, त्यांना इंटरफेरॉनच्या निरोपाची वाट बघावी लागत नाही.

निशिगंधा

काल रात्री भावाला हा सगळा धागा वाचून दाखवला. वाचून म्हणजे मी वाचत होते आणि तो मधे मधे परत वाच म्हणत होता. नेदरलँड्सच्या त्या चौघांचं तीनदा वाचायला लावलं.

@वॉर्ड_डॉक्टर आईला विचारलं. तिचे दोन भाऊ, दोघंही साठीच्या पुढे, धडधाकट. मावशीच्या मुलाला लहानपणी न्यूमोनिया झाला होता पण दोन दिवसांत घरी आला होता म्हणे. त्याचा इथे संबंध असेल का? आणि भावाचा प्रश्न तोच आहे, त्याच्यात ते एक्सवरचं काही निघालं तर मुलाचं काय?

वॉर्ड_डॉक्टर

मावसभावाच्या एका न्यूमोनियावरून काही म्हणता येणार नाही, लहान मुलांना होतोच. पण सांगताना सांगा.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र स्पष्ट आहे. दोष टीएलआर७ मध्ये निघाला तर तो त्याच्या मुलात त्याच्याकडून जाऊच शकत नाही. वडील मुलाला वाय देतात, एक्स मुलाला आईकडून येतो, म्हणजे तुमच्या वहिनींकडून. त्याला मुलगी असती तर तिच्यात नक्की गेला असता, तीही बहुतेक नुसती वाहक. त्यामुळे निदान या एका कारणासाठी त्याने मुलापासून लांब झोपायची काही गरज नाही.

पण ताई, मग प्रश्न तुमच्याकडे येतो. भावाला तो एक्स आईंकडून आला असेल तर तुमच्याकडेही तोच एक्स आला असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्याकडे असेल तर तुमच्या मुलाकडे जाण्याची परत निम्मी. तुम्हाला मुलगा आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. घाबरवत नाहीये, मुळात भावात हा दोष निघण्याचीच शक्यता शंभरात एखादी. म्हणूनच आधी त्याची टेस्ट, बाकी सगळं नंतर. आणि दोष दुसऱ्या कुठल्या क्रोमोझोमवर निघाला तर हा हिशोब बदलतो, तेव्हा रिपोर्ट हातात आल्याशिवाय घरी बसून गणित करू नका.

निशिगंधा

मला मुलगा आहे, १६ वर्षांचा. इतके दिवस मी भाच्याचाच विचार करत होते, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण विचित्र म्हणजे भीती वाटण्याऐवजी जरा मोकळं वाटलं, निदान काय विचारायचं ते तरी कळलं.

भाऊ टेस्टला तयार झालाय, पुढच्या आठवड्यात वेळ मिळाली आहे. तेव्हाची डिस्चार्ज फाइल काढून ठेवली आहे. ती वही पण सापडली, नेऊ का? उपयोग होईल?

वॉर्ड_डॉक्टर

नक्की न्या. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला आणि ऑक्सिजन कोणत्या दिवशी पडला हे फाइलमध्ये बरेचदा नीट नसतं, घरच्या वहीत असतं.

निशिगंधा

आत्ता उघडून बघितली. सहा पानं सगळी आईची, ९६, ९७, ९६, दर चार तासांनी. भावाचं नाव सातव्या दिवशी पहिल्यांदा येतं, आणि तो ८२ मी घाईत आईच्याच रकान्यात लिहिलाय, मग खोडून बाजूला त्याचं नाव. त्याआधीचे त्याचे आकडे नाहीतच, कुणी बघितलेच नव्हते. ताप कधी सुरू झाला ते वहिनीला विचारून आज लिहून ठेवते. रिपोर्ट आला की इथे सांगेन.